राबियाचं दुखणं

बुवापाडा, अंबरनाथ
४ ऑगस्ट १९९६

सफुराआपा यांस,
सलाम.

आज दुपारी तुम्ही मला अर्ध्या चहावरून उठवलंत आणि पुन्हा या घराची पायरी चढू नका म्हणालात. म्हणून पुढच्याच स्टेशनावर राहत असूनही पोस्टाने लिहिते आहे.

मी माझ्या धाकट्या बहिणीला भेटायला आले होते. राबियाने दार उघडलं तेव्हा मला वाटलं दुसरीच कुणी बाई आहे. ओठ पांढरे पडलेत, चार पावलं चालली की भिंतीला टेकते. तुम्ही माडीवर मुलींचा कुराणाचा वर्ग घेत होतात, तेवढ्यात तिने मला सांगितलं. बकरी ईदच्या कितीतरी आधीपासून तिला रक्त जातंय. पाळीचं नाही. मधेच, केव्हाही. वास येतो म्हणून तुमचे भाऊ, हाशमभाई, बाहेरच्या खोलीत झोपतात. आणि औषध काय, तर कल्याणच्या हकिमाच्या पुड्या.

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात येत्या रविवारी बायकांचं तपासणी शिबिर आहे. आमच्या शाळेतल्या वेणूताईंनी सांगितलं. डॉक्टर बाईच आहेत, पद्मजा नाव त्यांचं. राबियाला माझ्याबरोबर पाठवा. मी स्टेशनावर उभी राहीन, तुमच्या दारात येणार नाही.

तुम्हाला मी आवडत नाही हे मला तिच्या लग्नापासून ठाऊक आहे. तो राग तिच्यावर काढू नका.

मैमुना मुकादम


बदलापूर गाव
८ ऑगस्ट १९९६

मैमुनाबाईंस,
सलाम.

पत्र मिळालं. तुम्ही शाळेत पोरांना शिकवता तसं मला शिकवायला बघू नका. मीही शिकवते, आणि माझ्याकडे शिकलेली मुलगी मोठ्यांशी अशी बोलत नाही.

आमच्या घरातली बाई शिबिरात जाणार नाही. शिबिर म्हणजे काय ते मला माहीत आहे. आणीबाणीत माझा थोरला भाऊ बाजारात भाजी आणायला गेला आणि त्याला गाडीत घालून नेला. नसबंदी करून संध्याकाळी सोडला. लग्न ठरलेलं होतं त्याचं. ते मोडलं. तेव्हाही सगळे डॉक्टर भले लोकच होते, आणि कागदावर अंगठा त्याचाच होता. शिवाय त्र्याण्णवच्या दंगलीपासून मी घरातल्या बायकांना उल्हासनगरात पाठवत नाही. तुम्ही साडी नेसून शाळेत जाता, तुम्हाला कुणी ओळखत नाही. राबिया बुरखा घालते.

आता दुखण्याचं. एक गोष्ट तुम्हीच तुमच्या बहिणीला विचारा. लग्नाआधी ती पाच नंबर कॅम्पात सिंधी शेटच्या कारखान्यात जीनच्या पँटी शिवायला जायची आणि अंधार पडल्यावर घरी यायची. घरात राहणाऱ्या बायकांना हे आजार होत नाहीत, असं हकीमसाहेब म्हणतात. मी अजून मोहल्ल्यात कुणाला बोलले नाही. मला बोलायला लावू नका.

तुम्हाला नवरा नाही, सासर नाही. दुसऱ्याच्या संसारात किती बोलायचं हे तुम्हाला कळत नसेल तर तो तुमचा दोष नाही.

सफुराबी पटेल


बुवापाडा, अंबरनाथ
२२ सप्टेंबर १९९६

सफुराबी,

आपा म्हणायचं मी आजपासून सोडलं.

अम्मा पडली आहे, राबियाला पाठवा, असा निरोप मी धाडला होता. अम्मा पडली नव्हती. मयत किंवा आजारपण असल्याशिवाय तुम्ही राबियाला उंबऱ्याबाहेर सोडत नाही, म्हणून मी अम्माला पाडलं. आणि राबियाला सरळ डॉ. पद्मजांच्या दवाखान्यात नेलं.

ती टेबलावर चढेना. डॉक्टर म्हणाल्या, "घाई नाही. हवा तर बुरखा अंगावरच राहू दे." तपासून झाल्यावर त्यांनी मला बाहेर नेलं आणि विचारलं, "इतके महिने कुठे होतात तुम्ही?" मी तुमचं नाव घेतलं नाही. त्यांनी आतला बारीकसा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला. काल उत्तर आलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, आणि तो तिथेच थांबलेला नाही.

आता तुमच्या हकीमसाहेबांचं. हा आजार एका विषाणूमुळे होतो असं आता कळलं आहे, आणि तो विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. हे डॉक्टरांनी सांगितलं. राबियाला हाशमभाईंखेरीज दुसरा पुरुष माहीत नाही. आम्ही एका गोधडीत वाढलोय, मला हे कुणाला विचारायची गरज नाही. म्हणजे हा आजार तुमच्या भावाने माझ्या बहिणीला दिला. लग्नाआधी तो सौदीत, दमामला होता. तिथे काय करत होता ते त्याला विचारा. मोहल्ल्यात बोलायचंच असेल तर हेही बोला.

राबिया आता इथेच राहील. परळच्या इस्पितळात तिचा इलाज सुरू करणार आहे. अंजुमला पाठवून द्या. नऊ वर्षांची मुलगी आईवाचून किती दिवस काढेल?

मैमुना


बदलापूर गाव
२९ सप्टेंबर १९९६

मैमुनाबाई,

आईच्या नावाने खोटं बोलून तुम्ही आमच्या घरातली सून पळवलीत. नवऱ्याला न विचारता तिला परक्या टेबलावर झोपवलंत. आणि वर माझ्या भावावर हे.

तुमचं पत्र हाशमनेच फोडलं. वाचून तो जेवला नाही, दुसऱ्या दिवशी कारखान्यातही गेला नाही. मग म्हणाला, "जिने हे लिहू दिलं तिने परत यायचं नाही." मी त्याला समजवायला गेले नाही. दमामला तो काय करत होता ते मी सांगते. एका खोलीत दहा माणसांबरोबर राहून, उन्हात पाइप जोडत होता. मी विधवा होऊन या घरात परत आले तेव्हा त्याच्याच कष्टावर जेवले. आई गेल्यावर मीच त्याला वाढवला आहे. त्याच्याबद्दल तुमच्याकडून ऐकून घेण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही.

अंजुम येणार नाही. ती हाशमची मुलगी आहे. कुराणाचा पहिला सिपारा तिचा माझ्याकडे चालू आहे. ती जेवते. मी भरवते.

सफुराबी


परळ, मुंबई
१७ नोव्हेंबर १९९६

सफुराबी,

राबियाला लाईट देणं चालू आहे. शेकाला इथे सगळे लाईटच म्हणतात. अंबरनाथहून रोज आणणं तिला झेपत नाही, म्हणून आम्ही इस्पितळाजवळच्या धर्मशाळेत राहतो. मी शाळेतून रजा घेतली आहे. तिची पोटाची कातडी भाजल्यासारखी काळी झाली आहे, खाल्लेलं पोटात राहत नाही. ती तुमच्याबद्दल वाईट बोलत नाही. मी बोलते.

परवा एक गोष्ट मात्र तिच्या तोंडून निघाली. शेजारच्या खाटेवरची बाई नमाज पढत होती. मी राबियाला म्हटलं, तूही पढ, बरं वाटेल. ती म्हणाली, "आपांनी सांगितलंय, रक्त थांबेपर्यंत मी नापाक आहे. पढायचं नाही."

म्हणजे जवळजवळ वर्षभर या मुलीने नमाज पढलेली नाही. तुमच्यामुळे. मी मौलवींना विचारून आले. पाळीचं रक्त वेगळं आणि आजाराचं वेगळं. आजाराच्या रक्तात नमाज माफ होत नाही, दर वेळी हात-पाय-तोंड धुऊन नवा वजू करायचा आणि पढायचं. मी शाळामास्तरीण, मला हे ठाऊक नव्हतं. तुम्ही तर इतकी वर्षं मुलींना दीन शिकवता. तुम्हाला माहीत नसेल तर वर्ग बंद करा. माहीत असून तुम्ही तिला असं सांगितलं असेल, तर तुमच्याइतकी दुष्ट बाई मी पाहिलेली नाही.

अंजुमला एकदा तिच्या आईला भेटवा.

मैमुना


बदलापूर गाव
२४ नोव्हेंबर १९९६

मैमुनाबाई,

मला मसला, दीनचा नियम, माहीत आहे. इस्तिहाजा म्हणतात त्या रक्ताला. पहिल्याच महिन्यात मी राबियाला समोर बसवून सांगितलं होतं, मुलींना सांगते तसं, की तू पाक आहेस, वजू कर आणि पढ. ती मान हलवून गेली. त्यानंतर पाचही वेळेला मुसल्ला अंथरून बसायची. ती खरंच पढते की नुसती बसते हे बघायला मी तिच्या पाठीमागे उभी राहिले नाही. तुम्ही राहिला असतात.

तिलाच विचारा. आणि ती जे सांगेल ते मला कळवायची हिंमत ठेवा.

अंजुमबद्दल हाशमशी दोनदा बोलले. दुसऱ्यांदा त्याने जेवणाचं ताट सारलं.

सफुराबी


परळ, मुंबई
२९ डिसेंबर १९९६

सफुराबी,

विचारलं. तुम्ही तिला सांगितलं होतं, हे खरं आहे.

मी म्हटलं, "मग माझ्याशी खोटं का बोललीस?" ती म्हणाली, "तुला आपांशी भांडायला कारण लागत होतं. दिलं एक. मला गप्प पडून राहायचं होतं."

मग तिनेच सांगितलं. मुसल्ल्यावर बसून ती रोज एकच मागायची, रक्त थांबू दे. ते थांबेना. तेव्हा आधी मागणं सुटलं, मग पढणं सुटलं, आणि ती नुसती बसून राहायला लागली. कुणाला कळू नये म्हणून वेळेवर बसायची.

दुसरं. डॉ. पद्मजा तिला बघायला इथवर आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी हाशमभाईंना बोल लावला, तर त्या माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, "मैमुनाबाई, मी तुम्हाला विषाणू सांगितला होता, गुन्हेगार नाही. संसार केलेल्या बहुतेकांना हा विषाणू कधी ना कधी लागतो आणि न कळता निघूनही जातो. काही जणींच्या अंगात तो राहतो आणि कित्येक वर्षांनी असा उठतो. त्यावरून नवऱ्याची चाल कळत नाही आणि बायकोचीही नाही. लवकर तपासलं असतं तर ही वाचली असती, एवढंच त्यातून कळतं."

हे मी माफी म्हणून लिहीत नाही. दमामचं मी लिहिलं ते माहीत नसताना लिहिलं, एवढं कबूल करते. जीनच्या कारखान्याचं तुम्ही लिहिलंत तेही माहीत नसतानाच. आणि हकिमाच्या पुड्यांत गेलेले महिने तुम्हालाही परत आणता येणार नाहीत.

लाईट संपली. उपयोग झाला नाही. पाय सुजलेत, लघवी नीट होत नाही, म्हणून तिला इस्पितळातच दाखल केलं आहे. ती रमजान ईद बघेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. हाशमभाई मुलीला सोडत नसतील तर तुम्ही सोडा. ती तुमचाच हात धरून चालते ना?

मैमुना


बदलापूर गाव
१९ जानेवारी १९९७

मैमुनाबाई,

इस्पितळाच्या व्हरांड्यात तुम्ही माझ्यावर ओरडलात. सगळ्या बायका उठून बसल्या. अंजुम बरोबर होती म्हणून मी गप्प राहिले. आता लिहिते.

उशीर केला म्हणालात. केला. हाशमला न विचारता मी या घरातून कधी कुठे गेलेली नाही. आपल्याला ते जमेल की नाही हेच मला कळत नव्हतं. आम्ही निघालो हे त्याला कळलं होतं. तो मागोमाग आला आणि इस्पितळाच्या फाटकाशी उभा राहिला. आम्ही खाली उतरेपर्यंत तिथेच होता. वर का आला नाहीस, असं मी विचारलं नाही. त्याचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता.

तुम्ही औषध आणायला गेला होतात तेव्हा काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही.

अंजुम आईला बघून दारातच थांबली. आई एवढीशी झालेली असेल हे मी तिला सांगितलं नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. राबिया तिला म्हणाली, "सिपारा कुठवर आला?" मुलीने उभ्या उभ्या म्हणून दाखवलं. एका जागी अडली तर राबियाने पुढचा शब्द सांगितला. मग ती आईजवळ गेली आणि खाटेच्या कडेला डोकं टेकून बसली.

मग राबिया मला म्हणाली, "आपा, मला उठता येत नाही. पढता येईल का?"

मी म्हटलं, "येईल."

तिच्या भाजलेल्या अंगाला पाणी लावायचं नाही हे मी आधीच धरलं होतं. निघताना नदीकाठची स्वच्छ माती पुरचुंडीत बांधून नेली होती. त्या मातीवर तिचे तळहात टेकवले, चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवले. पाण्याच्या जागी ते चालतं. उठणं-वाकणं सगळं तिने नुसत्या डोळ्यांनी केलं. जिथे विसरली तिथे मी हळू सांगितलं. दुपारची, जोहरची नमाज अशी पुरी झाली. शेवटचा सलाम फेरल्यावर ती म्हणाली, "आज काही मागितलं नाही, आपा."

तेवढ्यात तुम्ही आलात, आणि मी तिच्या अंगाला माती का लावली म्हणून ओरडलात.

हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. बाकी तुमच्याशी माझं काही नाही.

सफुराबी


बुवापाडा, अंबरनाथ
२३ मार्च १९९७

सफुराबी,

राबिया गेली त्याचा चाळीसावा दिवसही झाला. तुमच्या हट्टामुळे ती बदलापूरच्या कब्रस्तानात आहे. अम्माला गुडघ्यांमुळे तिथवर जाता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं.

हाशमभाई खांदा द्यायला पुढे आले तेव्हा मी भर अंगणात त्यांना बोलले. तुम्ही मला दंडाला धरून आत नेलंत. दंडावर वळ उठले होते. मी बोलले त्याचं मला वाईट वाटत नाही. ती जिवंत असताना जो माणूस फाटकापर्यंतच आला, तो तिला उचलायला सगळ्यांत पुढे, हे मला बघवलं नाही. मातीचं मात्र मी तुम्हाला चुकीचं बोलले. तेवढं मागे घेते.

अंजुम तुमच्याकडे राहणार हे अम्माने मान्य केलं. मी केलेलं नाही. दर रविवारी ती इथे आली पाहिजे. तिला स्टेशनावर आणून सोडा. आपण एकमेकींशी बोलायची गरज नाही.

मैमुना


बदलापूर गाव
२० जुलै १९९७

मैमुनाबाई,

कामाचं लिहिते.

राबिया गेल्यापासून वर्ग सुटला की मुलींना न्यायला आलेल्या बायका थांबतात. आधी इकडचं तिकडचं बोलतात. मग मुलींना खाली पाठवतात आणि सांगतात. कुणाला मधेच रक्त जातं, कुणाच्या अंगावरून पांढरं जातं, कुणाची कंबर महिनोन्‌महिने दुखते. नवऱ्याला सांगितलेलं नाही, सासूला सांगितलेलं नाही. मला विचारतात, "आपा, आमची नमाज होते ना?" मी मसला सांगते. राबियालाही मी मसलाच सांगितला होता, बरोबर सांगितला होता, आणि उठून आपल्या कामाला लागले होते. आता तसं उठता येत नाही.

या बायका तुमच्या शिबिरात येणार नाहीत. मी त्यांना या म्हणणारही नाही. माझ्या थोरल्या भावाला गाडीत घातलेलं मी विसरलेले नाही. तुमच्या डॉक्टरणीला माझ्या घरी आणा. शुक्रवारी दुपारी पुरुष मशिदीत असतात. माडीवर खाट आहे, खिडकीचा उजेड चांगला आहे. कुणाचं काही कापायचं नाही. कुणाचा अंगठा घ्यायचा नाही. जे करायचं ते आधी मला समजावून सांगायचं, मी बायकांना सांगेन. पहिली मी झोपेन, म्हणजे बाकीच्या झोपतील.

तुम्हीही या. डॉक्टरणीला कुणीतरी मदतीला लागेल, आणि त्या कामाला माझ्याकडे दुसरी बाई नाही. हाशमबद्दल एक शब्द काढायचा नाही.

सफुराबी


बुवापाडा, अंबरनाथ
७ सप्टेंबर १९९७

सफुराबी,

डॉक्टरांनी माडीवर बायकांना तपासून नेलेल्या काचपट्ट्यांचं उत्तर आलं. तुमची चांगली आहे. बाकी बहुतेक जणींना साधी सूज आहे. गोळ्या अंजुमबरोबर पाठवल्या आहेत, कुणी किती दिवस घ्यायच्या ते पुड्यांवर लिहिलं आहे.

जैतुनचं मात्र बरोबर नाही. कॅन्सर नाही, पण त्याच्या आधीची अवस्था आहे. डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता छोटासा इलाज केला तर ही बाई म्हातारी होईल. राबियाच्या वेळी मला हे म्हणता आलं नाही." त्या इलाजाला तिला उल्हासनगरला यावं लागेल, माडीवर होण्यासारखं ते नाही.

गुरुवारी मी जैतुनच्या घरी गेले होते. नवऱ्याने मला ओट्यावरच उभं केलं. म्हणाला, त्याच्या घरातली बाई असल्या ठिकाणी जाणार नाही, आणि असला आजार तिलाच का व्हावा हे त्याला आधी तिला विचारायचं आहे. जैतुन दाराआड उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं. शब्दन्‌शब्द तुमचा होता, सफुराबी. मागच्या वर्षी मी तो पोस्टाने वाचला, आता तोंडासमोर ऐकला.

मी उलट बोलले, त्याने दार लावलं. माझं तिथे कुणी ऐकणार नाही. तुमचं अख्खा मोहल्ला ऐकतो. आणि तुम्ही कशा भांडता हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. जा आणि भांडा.

मैमुना


बदलापूर गाव
१२ सप्टेंबर १९९७

मैमुनाबाई,

भांडले. त्याच्याशी, त्याच्या आईशी, आणि त्याची बाजू घ्यायला आलेल्या हाशमशीही.

सोमवारी सकाळी जैतुनला घेऊन निघते. बायकांच्या डब्यात असू, अंबरनाथला चढा. बोललंच पाहिजे असं नाही.

सफुराबी